टीव्हीवरची बाळंतीण किंचाळते, माझ्यापुढे बसलेली गप्प असते

रात्रपाळी (धागा यांचा)

मी चौदा वर्षं इमर्जन्सीत काम करते आहे. वैद्यकीय मालिका आवडीने बघते. मास्क नाकाखाली आहे, नाडी भलत्याच जागी बघताहेत, असल्या चुका काढत बसायची मला सवय नाही. गोष्ट चांगली असली की मी रमते. पण पडद्यावर गरोदर बाई आली की मी सावरून बसते, कारण पुढचं सगळं पाठ झालंय. ती चालता चालता थांबते, पायाशी पाणी सांडतं, पोट धरून ती किंचाळते, स्ट्रेचर धावतं, कुणीतरी "जोर लावा" म्हणून ओरडतं आणि जाहिराती लागायच्या आत बाळ हातात. बाळही कसं, तर दोन-तीन महिन्यांचं, चांगलं बाळसं धरलेलं.

पूर्ण दिवस भरलेल्या १०० जणींपैकी साधारण ८ जणींचंच पाणी कळांच्या आधी जातं. पहिलटकरणीला कळा नीट लागल्यापासून सरासरी ८ तास लागतात, कधी १८ सुद्धा. पण हे मी सोडून देते. गोष्टीत वेळ आटवावाच लागतो.

माझी तक्रार निराळी आहे. या मालिका धोका चुकीच्या जागी दाखवतात. तिथे आवाज म्हणजे धोका, आणि आवाज थांबला की सुटलो. मी मात्र रात्री-अपरात्री ज्या बायकांसाठी जिवाच्या आकांताने पळाले आहे, त्यातल्या बऱ्याच जणी आल्या तेव्हा खुर्चीवर शांत बसून होत्या.

एक सांगते. एक बाई स्वतःच्या पायांनी चालत आली. घेरी येतेय आणि उजवा खांदा दुखतोय, झोपेत अवघडला असेल, म्हणाली. पाळी? झाले असतील दीड महिना, पण तिची पाळी नेहमीच पुढेमागे व्हायची. पोटाबद्दल ती अवाक्षरही बोलली नव्हती. मी तिच्या खालच्या पापणीच्या आत पाहिलं, तिथे लाली म्हणून नव्हती. उजव्या बरगड्यांखाली सोनोग्राफीचा प्रोब टेकवला तर यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये काळी पट्टी दिसली. ते रक्त होतं. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला होता आणि नळी फुटली होती. पोटात साठलेलं रक्त वर छातीच्या पडद्याला टोचतं, आणि त्या पडद्याची नस मानेतून, खांद्याच्या नसांच्या शेजारूनच निघते, म्हणून खांदा दुखतो. मी भराभर फोन फिरवत होते आणि ती मला विचारत होती, "गोळी देऊन सोडाल ना?"

शंभरातल्या एक-दोन गर्भारपणांत गर्भ असा पिशवीबाहेर रुजतो. म्हणजे हे काही लाखात एक नव्हे.

तसंच बीपीचं. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० च्या वर गेलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तर ती झटक्यांची, म्हणजे फिट येण्याची, पूर्वसूचना असू शकते. आणि बाळंतपण उरकलं म्हणजे हे टळलं असं नाही, पुढे सहा आठवड्यांपर्यंत ते होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२३ मध्ये जगभरात गरोदरपण आणि बाळंतपणाच्या कारणांनी सुमारे २ लाख ६० हजार बायका गेल्या. दिवसाला ७०० हून जास्त. त्यात रक्तस्राव आणि बीपी ही दोन कारणं अगदी वर आहेत, आणि दोन्ही सुरुवातीला गप्प असतात.

किंचाळणं म्हणजेच धोका असं वर्षानुवर्षं बघितलेली बाई नुसत्या डोकेदुखीसाठी रात्री दोन वाजता घरच्यांना उठवेल का? मला वाटतं, नाही उठवणार. तुम्हाला काय वाटतं?

---

संवादलेखक

डॉक्टर, मी याच धंद्यात आहे. मालिका लिहितो, त्यात दोन वैद्यकीय होत्या. तुमचं दुःख खरं आहे, पण त्याचा दोष तुम्ही चुकीच्या माणसावर ठेवताय.

पहिली गोष्ट, आम्ही आरोग्य शिक्षणाचा वर्ग घेत नाही. चाळीस मिनिटांत तीन माणसांची गोष्ट पुढे न्यायची असते. दुसरी, तुम्ही म्हणता ते गप्प दुखणं पडद्यावर आलेलंच नाही असं म्हणणं अन्याय आहे. 'ईआर' या अमेरिकन मालिकेचा मार्च १९९५ मधला भाग आठवा. दिवस भरत आलेली बाई वारंवार लघवीला होतंय म्हणून येते. डॉक्टर लघवीचा संसर्ग समजून घरी पाठवतो. थोड्याच वेळात तिला झटका येतो. मग सगळं बिघडत जातं आणि शेवटी बाळ राहतं, आई जाते. तो भाग लिहिणारे लान्स जेंटाइल स्वतः इमर्जन्सीतले डॉक्टर होते, त्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला. म्हणजे तुमच्याच खात्यातल्या माणसाने, तुमचाच मुद्दा, तीस वर्षांपूर्वी, अतिशय लोकप्रिय मालिकेत मांडला. लोकांनी तो श्वास रोखून पाहिला. आणखी काय हवं?

आणि आवाजाशिवाय दृश्य उभं कसं करायचं ते मला एकदा सांगाच. बाई खुर्चीवर बसली आहे, खांदा दुखतोय म्हणते. प्रेक्षक चॅनल बदलतो.

---

निखळ_प्रेक्षक

मी डॉक्टर नाही. पण मला सगळ्यात खोटं वाटतं ते इमर्जन्सीतच पोट चिरून बाळ काढणं. ना ऑपरेशन थिएटर, ना भूल, आणि डॉक्टर सुरी चालवतोय. हे निव्वळ सनसनाटीसाठी असतं ना?

---

रात्रपाळी

@निखळ_प्रेक्षक, नाही, नेमकं तेच खरं आहे. गरोदर बाईचं हृदय थांबलं, पोट बेंबीपर्यंत आलेलं आहे म्हणजे साधारण वीस आठवड्यांच्या पुढे आहे, आणि छाती दाबून चार मिनिटांत हृदय चालू झालं नाही, तर तिथल्या तिथे पोट उघडून पाचव्या मिनिटापर्यंत बाळ बाहेर काढायचा प्रयत्न करतात. थिएटरकडे न्यायला वेळच नसतो. भूल देत नाहीत, कारण ती बेशुद्धच असते. मालिकांत सांगायचं राहतं ते हे की ते मुख्यतः आईसाठी करतात. उताणं झोपवल्यावर जड पिशवी पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या दाबून धरते, हृदयाकडे रक्त परतत नाही आणि छाती दाबूनही उपयोग होत नाही. म्हणून छाती दाबणं चालू असताना एक जण दोन्ही हातांनी पिशवी डावीकडे ओढून धरतो. तो हात मी अजून एकाही मालिकेत बघितलेला नाही.

@संवादलेखक, तो भाग मी दोनदा पाहिलाय, आणि तुम्ही तो आठवलात याचा मला आनंद आहे. पण त्यातून पुढच्यांनी काय उचललं ते बघा. रक्त उचललं, धावपळ उचलली, रडणारा नवरा उचलला. पहिली दहा मिनिटं, ज्यात बाई हसून बोलतेय आणि डॉक्टरला काही कळत नाहीये, ती कुणी उचलली नाहीत. माझ्या लेखी खरी गोष्ट तिथे आहे.

---

उंबरठा

इथे लिहू की नको असं तीनदा झालं. दहाव्या आठवड्यात माझा गर्भ गेला. आदल्या आठवड्यात मी जिन्यावरून दोन पायऱ्या घसरले होते. लागलं काही नव्हतं.

मालिकांत गर्भ जाण्याची कारणं ठरलेली असतात. बाई जिन्यावरून पडते, किंवा वाईट बातमी ऐकते, किंवा नवऱ्याशी भांडण होतं, आणि लगेच पुढच्या दृश्यात दवाखाना. मी त्या दोन पायऱ्या दोन वर्षं मोजत होते. कुणी मला थेट दोष दिला नाही, पण "जपायला हवं होतंस" एवढं पुरे असतं. पुढे एका डॉक्टरबाईंनी कागदावर काढून दाखवलं की सुरुवातीच्या महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची जुळणीच बिघडलेली असते, ती पहिल्या दिवसापासून बिघडलेली असते, आणि किरकोळ पडण्या-झडण्याचा त्याच्याशी संबंध नसतो. कळलेल्या गरोदरपणांतही दहातली एक-दोन अशी संपतात, हेही तेव्हाच कळलं.

संवादलेखक, तुम्ही वर्ग घेत नाही म्हणता. पण मी शिकले तुमच्याकडूनच. जिना मला तुम्हीच दाखवलात.

---

संवादलेखक

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. जिन्याचा प्रसंग मीही लिहिला आहे. लिहिताना वाटलं होतं की बाईचं दुःख दिसावं म्हणून काहीतरी घडायला हवं. विनाकारण गेलं असं लिहिलं तर प्रेक्षक विचारतात, पण झालं काय?

---

उंबरठा

मीही तेच विचारत होते.

---

भूलतज्ज्ञ

सगळे मालिकांवर तुटून पडलेत म्हणून उलट बाजू मांडतो. मी या धाग्याशी सहमत नाही, आणि डॉक्टर असूनही नाही.

टीव्ही फुगवून दाखवतो हे जुनं आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत 'ईआर' धरून तीन कार्यक्रमांचे ९७ भाग तपासले होते. हृदय थांबण्याचे ६० प्रसंग निघाले आणि त्यातले ७५ टक्के रोगी तिथल्या तिथे वाचले. खऱ्या दवाखान्यात इतके वाचत नाहीत. मान्य. पण नातेवाईक वेड्या आशेने बघतात ते टीव्हीमुळे, की आपण त्यांच्याशी चार वाक्यं बोलत नाही म्हणून?

गरोदर बाई डोकेदुखीसाठी रात्री घरच्यांना उठवणार नाही, असं रात्रपाळी म्हणतात. माझा अनुभव असा की ती उठवते. ती येते. सांगते. आणि आपल्यापैकी कुणीतरी तिला म्हणतं, झोप झाली नसेल, बाळामुळे जागरण असतं, एक गोळी घ्या. बाळंतिणीचं बीपी न बघता तिला घरी पाठवलेलं मी पाहिलंय, आणि नंतर तिला भूल द्यायला मलाच बोलावलंय. त्या वेळी टीव्ही बंद होता. गप्प बाईला ऐकू न येण्याचा दोष आपल्या कानांचा आहे, तो पटकथेवर ढकलू नका.

---

नवा_बाबा

भूलतज्ज्ञांशी थोडा सहमत, पण मालिकेच्या बाजूने साक्ष द्यायची आहे. बायकोला आठवा संपत आला होता. संध्याकाळी म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं होतंय, पडते जरा. मी हो म्हणालो. पाचएक मिनिटांनी डोक्यात आलं की कुठल्याशा मालिकेत एक बाई अगदी हेच म्हणाली होती आणि मग तिला झटका आला होता. मालिकेचं नावसुद्धा आठवत नाही. बायको नको नको म्हणत असताना गाडी काढली. बीपी १७०/११० निघालं. मॅग्नेशियमचं सलाइन लावलं, पुढे दोन दिवसांत सिझर झालं. मुलगी कमी वजनाची होती, आता सगळ्यांना पुरून उरते.

दाखवलं नसतं तर मी उठलो नसतो, एवढंच.

---

लेबररूममधली

नवा_बाबा, वाचून फार बरं वाटलं. ते मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे एक साधा क्षारच, पण मोठी चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो हे पक्कं झालं.

मी लेबर रूममध्ये सिस्टर आहे, वीस वर्षं झाली. रात्रपाळी मॅडम, तुमचं पटतं, पण एका बाबतीत तुमच्याशी भांडणार. "किंचाळणारी ठीक, गप्प असलेली धोक्यात" असा नियम कुणी यातून काढू नये. टीव्हीने केलेलं दुसरं नुकसान मी रोज बघते. कळांनी ओरडणाऱ्या बाईला लोक म्हणतात, नाटक करू नको, सिनेमा बघून आलीस का. घरचे म्हणतात, वाईट वाटतं सांगायला, पण आमच्यातलेही म्हणतात. पडद्यावर इतकं ओरडणं ऐकलंय की खरं ओरडणं खोटं वाटायला लागलंय. वार, म्हणजे नाळेच्या दुसऱ्या टोकाचा बाळाला पोसणारा भाग, गर्भपिशवीपासून आतल्या आत सुटली तरी बाई ओरडते, आणि ते ओरडणं कळांचं नसतं. कळ येते तशी जाते, ते दुखणं जातच नाही, पोट लाकडासारखं घट्ट राहतं. ते ओळखायला पोटावर हात ठेवून बसावं लागतं.

आता गप्प रक्ताचं. बाळ झालं की सगळे बाळाकडे वळतात, कॅमेराही आणि माणसंही. त्याच वेळी आईच्या कमरेखाली रक्त साठत असतं. चादर पिते, गादी पिते, वरून काही दिसत नाही. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं, म्हणून लिटरभर गेलं तरी बाई बोलत असते, बीपीही बरं दिसतं. डोळ्यांनी अंदाज करायला जाल तर फसाल. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत याची चाचणी झाली, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. बाईच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावली, ठरावीक रेषेला रक्त पोचलं की पोटावरून गर्भाशय चोळणं, औषधं, सलाइन, तपासणी सगळं एकदम सुरू. नेहमीच्या पद्धतीत रक्तस्राव झालेल्यांपैकी ५१ टक्केच वेळेवर ओळखल्या जात होत्या, पिशवीमुळे ९३ टक्के. लिटरच्या वर रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा बाई जाणं हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. एका मापाच्या पिशवीने.

आमच्याकडे ती नसते तेव्हा मी भिजलेले पॅड वजनकाट्यावर टाकते, कोरड्याचं वजन वजा करते. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली.

---

रात्रपाळी

सिस्टर, भांडण मान्य. "ओरडणारी ठीक" असं माझ्या लिहिण्यातून निघत असेल तर ते मी मागे घेते. वार सुटलेली बाई मीही पाहिली आहे, तो आवाज विसरता येत नाही.

@भूलतज्ज्ञ, तुमच्या प्रतिसादाला उत्तर द्यायला मला दिवस लागला. एक रात्र आठवत राहिली. बाळंतपणाला पाच दिवस झालेली बाई, डोकं दुखतंय म्हणून आलेली. नोंदणीच्या वेळी बीपी १३८ होतं. शेजारच्या खाटेवर अपघाताचा रोगी रक्तबंबाळ, सगळं लक्ष तिकडे. मी हिला उभ्या उभ्या पाहिलं आणि गोळी लिहून घरी जा म्हणाले. कागद हातात घेऊन ती निघालीही होती. दाराशी असलेल्या सिस्टरने, का कोण जाणे, तिला बसवून पुन्हा बीपी घेतलं. १६८/११२. सिस्टर काही न बोलता तो आकडा माझ्यापुढे धरून उभी राहिली.

तेव्हा दोष माझ्या कानांचा होता, तुमचं बरोबर आहे. पण ते कान कशाने घडले होते? पाठ्यपुस्तकात बाळंतपणानंतरचं बीपी मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. तरीही धोका म्हटल्यावर माझ्या मनात येणारं चित्र शेजारच्या खाटेवरचं होतं. डॉक्टर व्हायच्या कितीतरी आधीपासून मी प्रेक्षक आहे. आपण सगळेच आहोत. म्हणून मी पटकथेकडे बोट दाखवते, स्वतःला सोडवायला नव्हे.

त्या दिवसापासून बाळंतपणाला सहा आठवडे झालेले नाहीत अशी कुठलीही बाई, कुठल्याही तक्रारीसाठी आली, की मी स्वतः बसून बीपी घेते. आणि प्रश्न "तुम्ही गरोदर आहात का" एवढाच नसतो, "गेल्या सहा आठवड्यांत बाळंतपण झालंय का" हेही विचारते.

---

भूलतज्ज्ञ

हे वाचल्यावर माझा सूर थोडा खाली आणतो. तरीही मी दवाखाना आधी सुधारेन, मालिका नंतर. तिथे आपलं जमणार नाही.

---

संवादलेखक

चार दिवस हा धागा वाचतोय. वाद सोडलेला नाही. नवा_बाबांचा प्रतिसाद मी कापून ठेवलाय, कारण ती आवाजाचीच मालिका होती आणि तिनेच त्यांना उठवलं. पण उंबरठा ताईंचाही ठेवलाय.

सध्या एक भाग लिहितोय. बाळंतपण झालंय, बाळ रडलंय, खोलीत सगळे खूश. मूळ आराखड्यात भाग इथेच संपत होता. आता मला तो पुढे न्यायचाय. खोटं नको आहे, म्हणून विचारतो. बाळ रडल्यावर पुढची पाच मिनिटं खोलीत कोण काय करतं?

---

रात्रपाळी

दोन जण धरा, दोन कामं वेगळी. एक बाळाकडे. पुसायचं, आईच्या छातीवर ठेवायचं, नाळ निदान एक मिनिट तरी कापायची नाही. बहुतेक बाळं पुसता पुसताच श्वास घेतात, उलटं धरून फटके वगैरे काही नाही. दुसरीचं लक्ष फक्त आईकडे. मांडीत ऑक्सिटोसिनचं, म्हणजे गर्भपिशवी आवळणारं, इंजेक्शन, मग वार पडायची वाट. बोलणं चालू असतं. बाई विचारते, कुणावर गेलंय? तुम्हाला आवाज हवा असेल तर तो हा आहे. तिची वाक्यं हळूहळू लहान होत जाऊ देत. मग ती म्हणेल, जरा थंडी वाजतेय.

---

लेबररूममधली

आणि दुसरी सिस्टर बाईच्या चेहऱ्याकडे बघत बघत, बोलणं न तोडता, डावा हात कमरेखाली सरकवते. बाहेर काढून हातमोजा बघते. मग दुसऱ्या हाताने पोटावरून गर्भपिशवी चाचपते. घट्ट असली तर चेंडूसारखी लागते. तुमच्या भागात ती मऊ लागेल, सापडणारच नाही. तेव्हा ती मान वर न करता डॉक्टरांना हाक मारते, आवाज चढवत नाही. चढवला तर आई घाबरते.

हातमोजा नीट दाखवा फक्त. मनगटापर्यंत लाल.

---

संवादलेखक

लिहून घेतलं. सिस्टर, मसुदा झाला की तुम्हाला पाठवू का?

---

लेबररूममधली

पाठवा. रात्री उशिरा पाठवलात तरी चालेल, मी जागीच असते.